बोरदऱ्याच्या बालविभागाचा शनिवार

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ज्योती ढाकणे वाचनालयाच्या ओट्यावर मांडी घालून चित्रांच्या पुस्तकाची पिन उचकटत होती. हातात नवऱ्याच्या टेम्पोतला बारीक स्क्रू ड्रायव्हर होता. पिनेची टोकं वर उचलायची, पुस्तक उलटं करायचं, पिन ओढून काढायची, पानं सुटी करायची. शेजारी लग्नपत्रिकांचे कापलेले पुठ्ठे, खळीचं भांडं आणि साड्यांच्या पारदर्शक पिशव्या मांडून ठेवलेल्या होत्या. दुपारी ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमाचे ट्रक लागणार होते. त्याआधी पानं पुठ्ठ्यावर चिकटून वाळायला हवी होती.

बोरदरा हे पाथर्डी तालुक्यातलं गाव. दिवाळी आटोपली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतं. लहान पोरं आईबापांबरोबर जातात. पावसाळ्यात झेडपीच्या शाळेत गिरवलेली अक्षरं फडात पुसली जातात. पोरं परततात तेव्हा शाळेच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि लगेच सुट्टी लागते. पाडव्यापासून जूनपर्यंतचे दिवस असे कुणाच्याच हिशेबात नसतात. त्या दिवसांत या पोरांना वाचायला शिकवणारी गावात एकच जागा होती: कै. रामहरी गर्जे सार्वजनिक वाचनालयाची मागची खोली, शनिवारी सकाळी. दारावर ‘बालविभाग’ असं रंगवलेलं होतं. आत सतरंजी, एक मांडणी आणि ज्योती.

ज्योती स्वतः कोपीत, फडाकडेच्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, वाढलेली. ‘ग म भ न’ आपण तीनदा शिकलो, असं ती सांगते, कारण दोनदा विसरलो. लग्नानंतर बारावी केली, ग्रंथपालाची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि वाचनालयात लागली. मानधन नावापुरतं होतं, पण पंख्याखाली बसून करायचं काम होतं, आणि ते सोडायची तिची कधीच तयारी नव्हती.

पुस्तकाची पानं सुटी करायची युक्ती तिला अपघातानं सापडली. आधी ती तोडीला जाणाऱ्या पोरांना अख्खी पुस्तकं द्यायची. एका कोपीत पुस्तक जायचं, बाकीची पोरं तशीच राहायची, आणि ते एकही परत यायचं नाही. मग एकदा एका पुस्तकाची पिन गंजून तुटली. सुटी पानं तिनं एकेका पोराच्या हातात दिली आणि सांगितलं, ‘हे तुझं. हे हरवलं तर सगळ्यांची गोष्ट अडंल.’ पाडव्याला पोरं पानं घेऊन आली. एकाचं आलं नव्हतं, त्याला बाकीच्यांनी वाचनालयाच्या दारात धोपटला. तेव्हापासून हा रिवाज पडला. पहिलं आणि शेवटचं पान मुखपृष्ठात वाचनालयात ठेवायचं, मधली पानं गावाबाहेर पाठवायची. पाडव्यानंतरच्या शनिवारी पोरं पानांच्या क्रमानं सतरंजीवर बसायची, प्रत्येक जण आपलं पान वाचायचा, आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत लागायची. पाच महिने एकच पान जवळ असलेलं पोर त्या पानावरची अक्षरं सहसा विसरत नाही.

त्या सकाळी तिनं फोडलेलं पुस्तक एसटीनं बाजाराला निघालेल्या कोंबडीचं होतं. सहा वर्षांच्या अमृतच्या वाट्याला कंडक्टरचं पान आलं. त्याची आजी बनुबाई त्याला घेऊन आली होती. लेक आणि सून ऊस तोडणार, आणि बनुबाई कोपीवर राहून स्वयंपाक आणि पोरं बघणार.

‘काय लिव्हलंय गं ह्याच्यावर?’ तिनं विचारलं.

ज्योतीनं वाचून दाखवलं. ‘कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं अर्धं तिकीट. अंड्याचं तिकीट नाही.’

‘बरं हाय. कोंबडीला अर्धं, आन् मला म्हातारीला पुरं मागत्यात,’ बनुबाई म्हणाली. ‘पुढं काय हुतं?’

‘पुढचं पान दुसऱ्या टोळीत गेलंय. पाडव्याला कळंल.’

‘म्हंजी पाच महिनं कोंबडी एसटीतच?’

‘एसटीतच.’

अमृतनं पान छातीशी धरलं आणि ट्रकच्या दिशेनं पळाला.

जानेवारीत नगरहून वाचनालयाच्या तपासणीचं पत्र आलं. वाचनालयाचे अध्यक्ष कानिफनाथ गर्जे. वाचनालय त्यांच्या वडिलांच्या नावाचं, जागाही त्यांनीच दिलेली. गाव त्यांना नाना म्हणतं. नाना एरवी पेपर वाचायला आणि पंधरा ऑगस्टला येत. तपासणी म्हटल्यावर ते स्वतः मांडण्यांसमोर उभे राहिले आणि दाखल नोंदवहीतल्या नोंदीप्रमाणे एकेक पुस्तक मागू लागले. बालविभागाचं पहिलंच पुस्तक हातात आलं तसं ते हलकं लागलं. उघडलं तर पहिलं पान आणि शेवटचं पान. दुसरं उघडलं, तेही तसंच.

‘उंदरं लागली का?’

‘न्हाई, नाना. म्या सुटी केली.’

‘कशानं?’

तिनं सांगितलं. पोरं, टोळ्या, पानं, पाडवा, सगळं. नाना ऐकून घेत होते. मग हसले.

‘शासनाच्या अनुदानाची पुस्तकं, आन् तू ती कोपीत टांगायला दिली. साहेबाला काय दाखवायचं मग? त्याला घेऊन निपानीच्या फडावर जायचं का?’

‘पाडव्याला पानं येत्यात परत. दरसाल येत्यात.’

‘दरसाल?’ नानांचा आवाज खाली आला, आणि तेच जास्त वाईट होतं. ‘म्हंजी हे दरसाल चालतंय?’

नियमाप्रमाणे तिची बाजू लंगडी होती आणि ते तिला माहीत होतं. समितीची परवानगी नव्हती. कात्री लावलेली नसली तरी पुस्तक फोडलेलं होतं. नाना तिला तिथल्या तिथं घरी पाठवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. माणूस हिशेबी होता, आणि तपासणीच्या तोंडावर नवा ग्रंथपाल कुठून आणणार?

दोन दिवसांत त्यांनी मार्ग काढला. मोडलेली पुस्तकं जीर्ण दाखवून समितीच्या ठरावानं बाद करायची. नवी आणायची. काचेचं कपाट आणायचं. आणि तपासणीच्या दिवशी बालविभाग पोरांनी भरलेला दिसला पाहिजे.

‘पोरं कुठली आनायची?’ ज्योतीनं विचारलं. ‘गाव मोकळं हाय. झेडपीची जी राह्यलीत ती बोलवू का?’

‘त्यांच्या पायात चपला न्हाईत. फोटो निघनार हाय.’ नाना म्हणाले, ‘फाट्यावर मेव्हन्याची इंग्रजी शाळा हाय की. बसनी येतील, बसनी जातील. तू फक्त चार दिवस जाऊन त्यांच्याकडनं बसवून घे. तुला येतंच ते.’

ज्योतीनं तेव्हा एकच गोष्ट विचारली. ‘पाडव्याला आपली पोरं आली की खोली त्यांचीच ना, नाना?’

‘मग काय माझी? मी काय तिथं बाराखडी म्हनू?’

तिनं होकार दिला. पोरं इथं नाहीतच, मग त्यांचं काय जाणार, असा तिनं विचार केला. घरी नवऱ्यानं, गोरक्षनंही तेच म्हटलं. ‘एक दिवसाचं नाटक हाय. तेवढ्यासाठी नोकरी घालवू नको.’

बाद पुस्तकं रद्दीत गेली. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि रद्दीवाला गठ्ठा बांधत होता. कोंबडीचं पहिलं आणि शेवटचं पान मुखपृष्ठासकट त्यातच होतं. ते काढून पदराखाली घेणं अवघड नव्हतं. पण नाना बघत होते, आणि ज्योतीनं ते काढलं नाही.

शाळेची पोरं हुशार होती. टाय, बूट, विंचरलेले केस. मराठी वाचताना अडखळत, पण चार दिवसांत त्यांनी आपापलं पान पाठ केलं. त्यांच्या वर्गशिक्षिका धनश्री मॅडम पंचविशीतल्या, कामाला चोख. ज्योतीनं पोरांना आपल्याच पद्धतीनं बसवलं: पानांच्या क्रमानं, प्रत्येकानं आपलं पान वाचायचं. फरक एवढाच, की पुस्तक आता अख्खं होतं आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं. तिला हे शिकवताना बरं वाटलं, हेही सांगायला हवं. पोरं पटकन शिकत होती. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. कुणाला आईनं मधेच भांडी घासायला बोलावलं नाही.

तपासणीला आलेले साहेब जाणते होते. कपाटापाशी थांबून त्यांनी चार पुस्तकं चाळली, मग सतरंजीच्या कडेला बसून अख्खी गोष्ट ऐकली.

‘एकेक पान एकेकाला. छान आहे. ही पद्धत कुणाची?’

‘आमच्या समितीची,’ नाना म्हणाले.

साहेबांनी ज्योतीकडे पाहिलं. ‘आणि मुलं? गावातलीच ना सगळी?’

खोलीत बसचा ड्रायव्हर सोडून सगळे होते. धनश्री मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. नानांनी घसा साफ केला. उत्तर ज्योतीलाच द्यायचं होतं.

‘हो, साहेब,’ ती म्हणाली.

साहेबांनी शेरा लिहिला. गावातील बालवाचकांचा उत्तम प्रतिसाद, पुस्तके स्वच्छ व सुस्थितीत, ग्रंथपालांचे परिश्रम उल्लेखनीय. जाताना म्हणाले, असा बालविभाग जिल्ह्यात दाखवण्यासारखा आहे, मी इतरांना घेऊन पुन्हा येईन. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. फोटोत नाना, साहेब, टाय घातलेली पोरं. ज्योतीचा खांदा आला होता.

पुढच्या शनिवारी बस पुन्हा आली. ज्योतीला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेनं आठवड्याच्या वेळापत्रकात ‘लायब्ररी पिरियड’ घातला होता, पालकांना तसे मेसेज गेले होते. तिनं सतरंजी टाकली आणि शिकवलं. फेब्रुवारीत शिकवलं, मार्चमध्ये शिकवलं. पाडव्याला बघू, असं ती मनाशी म्हणत राहिली.

पाडव्यानंतर ट्रक आले. अमृत आठवड्याच्या मधेच वाचनालयात धावत आला. उन्हानं रापला होता, पायाला पाचटानं कापल्याच्या खुणा होत्या. पिशवीतलं पान काढून त्यानं उभ्या उभ्या वाचलं. बोट अक्षरांखाली ठेवून, एकेक शब्द सोडवत. ‘तिकीट’ला थांबला, मागं गेला, पुन्हा आला. पाठ केलेलं नव्हतं, वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं खाली छापलेला पानाचा आकडाही वाचला.

‘आता पैलं वाच, ताई. कोंबडी कुठनं निघाली?’

ज्योतीनं तोंडानं सांगितलं. पोरगं ऐकत होतं, पण नजर मांडणीवर होती. ‘पान कुठंय?’

‘ते फाटलं.’

‘कुनी फाडलं?’

ती म्हणाली, ‘शनिवारी ये. सगळ्यांना घेऊन ये.’

शनिवारी ती पोरं आली, आणि बसही आली. ज्योतीनं ठरवलं होतं की कुणाला विचारायचं नाही. तिनं दोन सतरंज्या जोडल्या आणि सगळ्यांना मिसळून बसवलं. काही वेळ बरं चाललं. तोडीवरची पोरं पानं वाचत होती, जिथं पान नव्हतं तिथं ज्योती सांगत होती. अमृतचं पान झालं तेव्हा शाळेतला एक चष्मेवाला मुलगा ओरडला, ‘मग अंडं फुटलं का बसमध्ये?’ सगळी हसली. अमृत म्हणाला, ‘तुझ्यावानी बसला असता कुनी त्याच्यावर, तर फुटलं असतं,’ आणि पुन्हा हशा झाला. चष्मेवाला त्याच्याजवळ सरकला आणि पान मागू लागला. अमृत देईना, नुसतं दाखवत होता.

धनश्री मॅडम दारात उभ्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी ज्योतीला बाजूला घेतलं. ‘ताई, मला काही नाही हो. पण पालक विचारतात. डोक्यात काही झालं, अंगावर काही उठलं, तर मला उत्तर द्यावं लागेल.’

‘नुसतं शेजारी बसलं तरी उठतं का?’

‘मी नाही म्हणत. ते म्हणतात.’

संध्याकाळी नानांचा निरोप आला. ज्योती त्यांच्या घरी गेली. अंगणात कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. नानांनी तिला बसायला सांगितलं, चहा सांगितला.

‘नाना, तुमी बोलला हुता. पाडव्याला खोली त्यांची.’

‘बोललो हुतो. आन् तू काय बोलली हुती?’

तिला कळलं नाही.

‘साहेबांनी तुला इचारलं, पोरं गावातली का. तू काय म्हनाली? हो मी न्हाई म्हनलो, मॅडम न्हाई म्हनली. तू म्हनली.’ नाना शांत होते. ‘आता साहेब कधी बी येत्याल, संगट चार मानसं घेऊन. आतमधी दुसरीच पोरं दिसली तर खोटं कोन पडंल? मी पडंल का?’

‘मग रविवारी घेते.’

‘रविवारी अभ्यासिकेची पोरं. त्यांना गलका चालत न्हाई.’

‘मे महिन्यात तरी? शाळेला सुट्टीच असंल.’

‘मे महिन्यात त्यांचं शिबिर हाय. तूच घेनार हाईस. शाळा तुझं नाव छापनार हाय पत्रकात.’ चहा आला. नानांनी कप तिच्याकडे सरकवला. ‘ओटा हाय की. दहाच्या पुढं बसव ओट्यावर. मी कुठं न्हाई म्हनतोय? फकस्त ती पुठ्ठ्याची पानं नको. लोक म्हनतील, एवढं कपाट भरलंय आन् पोरांना तुकडं देत्यात.’

ज्योतीनं चहा घेतला. तिनं भांडावं असं तिला वाटलं असेल तर ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. गोरक्षनं रात्री विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘म्याच हो म्हनले हुते.’

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी तोडीवरची पोरं नेहमीप्रमाणे सकाळीच आली आणि सतरंजीवर बसली. बस फाट्यावरून वळताना दिसत होती. ज्योती दारात उभी राहिली.

‘उठा. तुमचं बाहेर.’

पोरं नुसती कडेला सरकली. त्यांना वाटलं, झाडायचंय.

‘उठा म्हनलं ना. दहा वाजता ओट्यावर या.’

अमृत सगळ्यात शेवटी उठला. ‘ते कामून बसनार मग?’

‘त्यांचा नंबर हाय.’

‘आमचा कधी?’

तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला उंबऱ्याबाहेर केलं. ढकललं नाही, पण धरलं होतं, आणि बसमधून उतरणाऱ्या पोरांनी ते पाहिलं. चष्मेवाल्या मुलानं अमृतला हात केला. अमृतनं केला नाही.

दहा वाजता ओट्यावर ऊन आलेलं असतं. पत्र्याची सावली तोपर्यंत भिंतीला चिकटते. त्या शनिवारी दहा वाजता दोन मुली आल्या, बसल्या, पाणी मागितलं आणि गेल्या. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. गावात कांदा काढणी सुरू झाली होती. हाताशी पोर असलं की पाती कापायला उपयोगी पडतं.

शुक्रवारी बनुबाई वाचनालयासमोरून कांद्याला निघाली होती. मागं अमृत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ज्योती ओट्यावर पेपरच्या दांड्या लावत होती. तिनंच हाक मारली.

‘बनुआत्या, पोराला कामाला लावलं का?’

बनुबाई थांबली. ‘मग काय तुझ्या ओट्यावर भाजायला लावू?’

‘दहा वाजता पाठवा की उद्या. मी थांबते.’

‘दहाला आमी वावरात असतो. तुला म्हाईत न्हाई का? तू काय कलेक्टरच्या घरी जन्मली?’ बनुबाईनं पदर खोचला. ‘साळा जूनला, तवर मी शिकवते, आसं म्हनली हुतीस का न्हाई? आता शनिवार बी इकला का?’

‘माझ्या हातात न्हाई, आत्या.’

‘व्हय. पोराचा दंड तेवढा हुता हातात.’

ज्योतीनं दांडी खाली ठेवली. अमृतकडे बघून ती म्हणाली, ‘वाचतोस ना रं घरी?’

‘काय वाचू?’ अमृत म्हणाला.

तो चिडून बोलला नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं. ज्योतीनं मागं वळून काचेच्या कपाटाकडे पाहिलं. पुस्तकं ओळीनं उभी होती. कपाटाची किल्ली तपासणीनंतर नानांच्या घरी असते आणि शनिवारी सकाळी त्यांचा गडी ती आणून देतो. हे सगळं पोराला सांगण्यात अर्थ नव्हता.

‘चल रं,’ बनुबाई म्हणाली. ‘ऊन चढतंय.’

दोघं खालच्या आळीकडे वळली. पेपर वाचायला येणारे म्हातारे जमू लागले होते, त्यातल्या एकानं पेपर मागितला आणि ज्योतीनं तो दिला. मग ती आत गेली, सतरंजी झटकली आणि फळ्यावर उद्याची सूचना लिहिली.

उद्या शनिवार. वाचनालय आठ वाजता उघडतं. शाळेची बस साडेआठला येते, आणि दहा वाजेपर्यंत बालविभाग शाळेच्या मुलांसाठी राखीव आहे.